पे-ऑफच्या आलेखात न दिसणारी जोखीम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: हाताशी तीन लाख रुपये रोख आणि दोन लाखांचे निरनिराळे शेअर आहेत, नोकरी सांभाळून निफ्टीच्या ऑप्शनमध्ये व्यवहार करायचे आहेत, ऑप्शन विकत घेणाऱ्यांचे पैसे जातात असे सर्वत्र ऐकल्यामुळे स्ट्रँगल विकणे, आयर्न कॉन्डॉर किंवा कव्हर्ड कॉल (तिन्हींत प्रीमियम मिळवण्यासाठी ऑप्शन विकतात) यांपैकी काहीतरी ‘सुरक्षित’ निवडावे असे वाटते, आणि यांतली सर्वांत कमी जोखमीची रणनीती कोणती आणि आपल्या जागी मी काय करेन, हे जाणून घ्यायचे आहे. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला (स्ट्राइक) मुदत संपताना (एक्स्पायरी) खरेदी करण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क; तो घेणारा विकणाऱ्याला त्याची किंमत, म्हणजे प्रीमियम, देतो. मी बरीच वर्षे मुंबईत ब्रोकरच्या जोखीम नियंत्रण विभागात, म्हणजे बाजारात ज्याला आरएमएस म्हणतात तिथे, काम केलेले आहे. खाती नेमकी कशामुळे रिकामी होतात हे त्या खुर्चीवरून फार जवळून दिसते, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो.

रणनीतींची ‘कमी जोखमीपासून जास्त जोखमीपर्यंत’ अशी एकच रांग लावता येत नाही. एखाद्या रणनीतीत तोटा किती वेळा होतो, झाला तर एका वेळी किती मोठा होतो, तो किती वेळात होतो आणि त्या वेळी बाहेर पडणे शक्य असते का, असे हे चार वेगळे प्रश्न आहेत. पे-ऑफचा आलेख, म्हणजे कोणत्या भावाला किती नफा-तोटा होईल हे दाखवणारी आकृती, त्यांपैकी फक्त दुसऱ्याचे उत्तर देतो, आणि तेही केवळ एक्स्पायरीच्या क्षणाचे. एका प्रश्नाचे उत्तर सुधारायला गेलो की दुसऱ्याचे बिघडते. ज्यांना आपण ‘सुरक्षित’ म्हणता त्या रणनीतींमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले असते, म्हणजे तोटा क्वचित होतो; त्याची किंमत उरलेल्या तीन प्रश्नांत मोजावी लागते.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्के लोक तोट्यात राहिले, सरासरी तोटा खर्चासह सुमारे दोन लाख रुपये होता आणि एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळवणारे केवळ 1 टक्का होते. जुलै 2025 च्या अभ्यासात 2024-25 साठी तोट्यातल्यांचे प्रमाण 91 टक्के आले आणि त्या एका वर्षातला निव्वळ तोटा एक लाख कोटींच्या वर गेला. या आकडेवारीत ऑप्शन विकणारेही आहेत, ही गोष्ट ती सांगताना बहुतेक वेळा वगळली जाते. ‘खरेदीदार हरतात, म्हणून विक्रेते जिंकतात’ असा अर्थ त्यातून निघत नाही.

खरेदीची जोखीम आधी पाहू, कारण ती सर्वांत प्रामाणिक आहे. निफ्टी 25,000 वर असताना मुदतीचे चार दिवस उरलेला 25,000 चा कॉल 150 रुपयांना घेतला, आणि हिशेबासाठी लॉट, म्हणजे एका व्यवहारातली किमान संख्या, 65 चा धरला (हा आकडा एक्सचेंज वेळोवेळी बदलते), तर 9,750 रुपये गुंतले. तोटा यापेक्षा एका रुपयानेही वाढणार नाही आणि मार्जिन, म्हणजे तारणाची रक्कम, भरा म्हणून फोनही येणार नाही. मात्र हा तोटा वारंवार होतो. ज्या ऑप्शनची स्ट्राइक चालू भावाजवळ आहे, त्याचे मूल्य साधारणपणे उरलेल्या मुदतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. निफ्टी जागचा हलला नाही, तर चार दिवस उरले असताना 150 रुपयांना मिळणारा हा कॉल एक दिवस उरला असता सुमारे 75 रुपयांचा असतो. म्हणजे तीन दिवसांत अर्धा प्रीमियम गेला आणि उरलेला अर्धा शेवटच्या एका दिवसात जाणार आहे. खरेदीदाराला दिशा बरोबर ओळखून भागत नाही, ती हालचाल ठरावीक दिवसांच्या आत आणि पुरेशा वेगाने व्हावी लागते.

दुसरी गोष्ट अपेक्षित अस्थिरतेची, म्हणजे आयव्हीची. निवडणुकीचा निकाल, अर्थसंकल्प किंवा रिझर्व्ह बँकेचे पतधोरण अशा दिवसांआधी ऑप्शन महाग होतात आणि अनिश्चितता संपताच स्वस्त होतात. 4 जून 2024 रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, इंडिया व्हिक्स, म्हणजे निफ्टीची अपेक्षित अस्थिरता मोजणारा निर्देशांक, सुमारे 27 वर बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी तो 19 च्या खाली आला. 22,000 च्या पातळीवर पंचवीस दिवसांची मुदत उरलेल्या चालू भावाजवळच्या ऑप्शनमध्ये आयव्हीच्या प्रत्येक अंकामागे साधारण 23 रुपये असतात, म्हणजे आठ अंकांच्या घसरणीने एका रात्रीत प्रीमियममधून पावणेदोनशे रुपयांच्या आसपास निघून जातात. अशा दिवशी दिशा बरोबर असूनही ऑप्शन तोट्यात दिसतो आणि नवखा माणूस ‘ऑपरेटर’ला दोष देतो, प्रत्यक्षात त्याने अनिश्चितता चढ्या भावात विकत घेतलेली असते.

एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी दोन-तीन रुपयांचे ऑप्शन घेण्याच्या ‘झिरो-हीरो’ प्रकाराबद्दल मला फार सांगायचे नाही. ती लॉटरी आहे, आणि रक्कम लहान असल्यामुळे हात लवकर सैल होतो, एवढेच तिचे वैशिष्ट्य.

आता आपल्याला भुरळ घालणारी बाजू, म्हणजे उघडी विक्री, संरक्षणासाठी दुसरा ऑप्शन न घेता केलेली. शॉर्ट स्ट्रँगलमध्ये चालू भावापासून दूरचा कॉल आणि दूरचा पुट विकतात, दोन्हींचा प्रीमियम खिशात येतो, आणि बाजार त्या पट्ट्यात राहिला तर तो पूर्ण उरतो. बहुतेक आठवड्यांत तसेच घडते. म्हणूनच या रणनीतीचा पहिल्या सहा महिन्यांचा नफा-तोट्याचा तक्ता पाहून तिच्या जोखमीबद्दल काहीही कळत नाही. ज्या दिवशी ती कळते असा एक दिवस समजून घेऊ. 3 जून 2024 रोजी मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर निफ्टी सव्वातीन टक्के वाढून 23,263.90 वर बंद झाला. त्या पातळीपासून सुमारे चार टक्के खाली असलेला 22,300 चा पुट एखाद्याने ‘इतके खाली कोण जातेय’ म्हणून विकला असेल. दुसऱ्या दिवशी निफ्टीने 21,281.45 चा तळ दाखवला आणि जवळजवळ सहा टक्के घसरून 21,884.50 वर तो बंद झाला. तळाच्या क्षणी त्या पुटचे केवळ अंगभूत मूल्यच, म्हणजे स्ट्राइक आणि चालू भाव यांतला फरक, हजार रुपयांच्या वर होते. 65 च्या लॉटने तो एका लॉटमागे 66 हजार रुपयांचा तोटा झाला. मुदत शिल्लक असल्याने आणि आयव्ही भडकल्याने पडद्यावर दिसणारा तोटा त्याहून मोठा होता. आणि दुसऱ्या दिवशी निफ्टी पुन्हा 22,620 पर्यंत सावरला. ज्याचे पद (पोझिशन, म्हणजे उघडा असलेला व्यवहार) दिवसभर टिकले त्याला 5 जूनला बराचसा दिलासा मिळाला. ज्याचे पद दुपारी मार्जिनअभावी कापले गेले त्याचा तोटा कायमचा झाला. एकच स्ट्राइक, एकच दिशा, तरीही निकाल वेगळा. तो खात्यात शिल्लक रोख किती होती यावर ठरला.

घसरणीची भीती सर्वांना असते, म्हणून कॉल विकणे तुलनेने निर्धोक आहे, असा एक समज आहे. 18 मे 2009 रोजी लोकसभा निकालानंतरच्या पहिल्या सत्रात निफ्टी 3,671.65 वरून 4,323.15 वर गेला, म्हणजे 17 टक्क्यांहून अधिक वाढला, आणि वरचे सर्किट लागल्याने त्या दिवशी व्यवहार जवळजवळ झालेच नाहीत. कॉल विकून बसलेल्याला बाहेर पडायला दारच नव्हते. ‘निकालाचा दिवस टाळला की झाले’ असे म्हणावे, तर 20 सप्टेंबर 2019 चे उदाहरण आहे. त्या शुक्रवारी बाजार सुरू असतानाच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यातील पत्रकार परिषदेत कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली आणि निफ्टीने एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक उडी घेतली. ती तारीख कोणाच्याही आर्थिक दिनदर्शिकेत आधी नव्हती.

यावर ठरलेले प्रत्युत्तर असते, ‘मी स्टॉपलॉस लावतो’, म्हणजे भाव ठरावीक पातळीला गेला की तोटा थांबवणारी ऑर्डर. स्टॉपलॉस लावावाच, परंतु तो काय करू शकत नाही हे माहीत हवे. एनएसईने सप्टेंबर 2021 पासून ऑप्शनमध्ये मार्केट प्रकारचा, म्हणजे मिळेल त्या भावाला व्यवहार करणारा, स्टॉपलॉस बंद केला आहे, कारण विरळ ऑर्डर असलेल्या स्ट्राइकमध्ये तो भलत्याच भावाला लागत असे. आता उरतो तो मर्यादा-भावाचा स्टॉपलॉस. ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) 100 आणि मर्यादा 105 ठेवली आणि भाव 95 वरून थेट 120 ला गेला, तर ऑर्डर सक्रिय होऊन तशीच पडून राहते आणि पद उघडेच राहते. शिवाय रात्रीत घडणाऱ्या घटनेपुढे कोणताही स्टॉपलॉस लागत नाही. 23 मार्च 2020 रोजी निर्देशांक दहा टक्के घसरून व्यवहार 45 मिनिटे थांबले आणि दिवसअखेर निफ्टी सुमारे 13 टक्के खाली बंद झाला. थांबलेल्या बाजारात स्टॉपलॉस केवळ एक नोंद असते.

विक्रेत्याच्या जोखमीचा आलेखात अजिबात न दिसणारा भाग म्हणजे मार्जिन, आणि माझ्या अनुभवात खाती तोट्यापेक्षा मार्जिनमुळे अधिक वेळा मोडतात. एका लॉटच्या उघड्या विक्रीसाठी किती रक्कम अडकेल हे ‘स्पॅन’ पद्धतीने ठरते. तीत भाव आणि अस्थिरता यांच्या ठरावीक बदलांच्या सोळा शक्यता धरून सर्वांत वाईट निकाल मोजतात, आणि त्यावर एक्स्पोजर मार्जिन नावाची जादा रक्कम असते. अस्थिरता वाढली की हाच हिशेब मोठा येतो. म्हणजे ज्या क्षणी पद तोट्यात जाते नेमक्या त्याच क्षणी तेच पद बाळगायला जास्त रक्कम लागते, आणि तोटा खात्यातून वजा झाल्यामुळे रक्कम मात्र कमी उरलेली असते. सप्टेंबर 2021 पासून दिवसातल्या कोणत्याही क्षणी पूर्ण मार्जिन असणे बंधनकारक आहे, कमी पडल्यास दंड लागतो. ब्रोकरचा आरएमएस विभाग अशा वेळी आपला दृष्टिकोन विचारत नाही. त्याच्या पडद्यावर मार्जिन-तूट असलेल्या खात्यांची यादी असते आणि तो ती क्रमाने मिटवत जातो. त्या वेळी शेकडो विक्रेत्यांची तीच स्ट्राइक परत खरेदी होत असते, म्हणून भाव सर्वांत वाईट असतो. आपल्या तीन लाखांत निफ्टीचा एक स्ट्रँगल विकायचा, तर साधारण दोन लाखांच्या आसपास त्यातच अडकतील. 4 जूनसारखा दिवस आला की उरलेल्या एका लाखातून 66 हजार आणि वाढीव मार्जिन दोन्ही भागणे कठीण. तेव्हा पद धरून ठेवायचे की नाही, हे ठरवणे आपल्या हातात राहत नाही. त्यात ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानंतर एक्स्पायरीच्या दिवशी निर्देशांकाच्या विकलेल्या ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन लागते, हेही धरावे.

विक्रेत्यांत आणखी एक सवय आढळते, ‘ॲडजस्टमेंट’. तोट्यात गेलेला लेग, म्हणजे रचनेतला एक ऑप्शन, बंद करून दुप्पट लॉट दूरच्या स्ट्राइकला विकायचे, म्हणजे आधीचा तोटा नव्या प्रीमियमने भरून निघतो. यात जिंकण्याची टक्केवारी अबाधित राहते आणि प्रत्येक फेरीत पद मोठे होत जाते. ब्रिटनमधील बेअरिंग्स बँकेच्या निक लीसन या व्यापाऱ्याने जपानच्या निक्केई निर्देशांकावर स्ट्रॅडल (एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट) विकले होते आणि लपवलेल्या फ्युचर्सच्या तोट्यांना त्या प्रीमियमचा आधार होता. 17 जानेवारी 1995 च्या कोबे भूकंपानंतर बाजार हलला, त्याने पद आणखी वाढवले, आणि 800 दशलक्ष पौंडांहून अधिक तोट्यात ती जुनी बँक बुडाली. आपले आकडे लहान आहेत, पण यंत्रणा तीच आहे.

आता मर्यादित जोखमीच्या रचना. 25,000 चा कॉल 150 ला घेऊन 25,200 चा 70 ला विकला, तर या बुल कॉल स्प्रेडचा खर्च 80 रुपये. कमाल तोटा 5,200 आणि कमाल नफा 120 रुपये गुणिले 65, म्हणजे 7,800. काळाचा आणि आयव्हीचा मारा विकलेल्या लेगमुळे बराच सौम्य होतो. त्याबदल्यात 25,200 च्या वरची मोठी तेजी आपली राहत नाही, आणि मुदतीच्या मध्यावर निफ्टी 25,300 ला गेला तरी पूर्ण 7,800 लगेच दिसत नाहीत, कारण विकलेल्या कॉलमध्ये अजून काळाचे मूल्य उरलेले असते. अनेकांना हे फसवणुकीसारखे वाटते. पे-ऑफचा आलेख एक्स्पायरीचा असतो, याचाच तो परिणाम.

आयर्न कॉन्डॉरचा हिशेब मी सविस्तर देतो, कारण ‘सुरक्षित मासिक उत्पन्न’ म्हणून तोच सर्वाधिक विकला जातो. निफ्टी 25,000 असताना 24,600 चा पुट आणि 25,400 चा कॉल विकला, 24,400 चा पुट आणि 25,600 चा कॉल घेतला, आणि निव्वळ 50 रुपये मिळाले असे धरू. कमाल नफा 3,250 रुपये. विकलेल्या आणि घेतलेल्या स्ट्राइकमधला पट्टा 200 चा असल्याने कमाल तोटा 200 वजा 50, म्हणजे 150 गुणिले 65, म्हणजे 9,750 रुपये. तीन यशस्वी आठवड्यांची कमाई एक पूर्ण अपयशी आठवडा नेतो, म्हणजे केवळ बरोबरीत राहायला 75 टक्के यश हवे. आता खर्च घालू. चार लेग घेणे आणि बंद करणे अशा आठ ऑर्डर, प्रत्येकी 20 रुपये दलाली आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरली तर सुमारे 190 रुपये. प्रत्येक ऑर्डरला खरेदी-विक्रीच्या भावांतील तफावतीपोटी एक रुपया गेला तर आठ गुणिले 65, म्हणजे 520 रुपये. एकूण 710. नफा 2,540 वर आला, तोटा 10,460 वर गेला, आणि बरोबरीसाठी लागणारे यश 75 वरून 80 टक्क्यांच्या वर सरकले. यात विक्रीच्या प्रीमियमवर लागणारा एसटीटी (रोखे व्यवहार कर) आणि इतर शुल्के मी धरलेलीही नाहीत. कॉन्डॉर वाईट आहे असे नव्हे. आयव्ही प्रत्यक्ष हालचालीपेक्षा खरोखर महाग असेल तेव्हा तो चालतो. पण 80 टक्के वेळा जिंकणारा माणूस त्यात तोट्यात असू शकतो, हे आधी पटायला हवे.

कॉन्डॉरच्या ‘मर्यादित’ तोट्याची मर्यादा आपणच मोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, लॉट. तीन लाखांच्या मार्जिनमध्ये चार लॉट बसतात म्हणून चार घेतले, तर एका वाईट आठवड्यात 39,000, म्हणजे 13 टक्के रोख जाते. दुसरा, संरक्षक लेग. बुधवार-गुरुवारी केलेल्या रचनेतला दूरचा खरेदी केलेला ऑप्शन सोमवारी चार-पाच रुपयांचा राहतो, आणि ‘निदान एवढे तरी सोडवू’ म्हणून तो विकला जातो. त्या क्षणी कॉन्डॉर संपून उघडा विकलेला ऑप्शन उरतो, मार्जिन एकदम वाढते, आणि मंगळवारी एक्स्पायरी असते. प्रवेश करताना खरेदीचा लेग आधी आणि बाहेर पडताना विकलेला लेग आधी, हा क्रम म्हणूनच पाळायचा असतो.

कव्हर्ड कॉलकडे, म्हणजे हातातल्या शेअरवर कॉल विकण्याकडे, येतो. 11 मार्च 2025 रोजी इंडसइंड बँकेचा शेअर एका दिवसात सुमारे 27 टक्के कोसळला. आदल्या संध्याकाळी बँकेने आपल्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या लेखांकनातील तफावत जाहीर केली होती. सुमारे 900 रुपयांचा शेअर 656 च्या आसपास बंद झाला. ज्याने शेअर बाळगून 940 चा कॉल, समजा, 12 रुपयांना विकला होता, त्याला 12 रुपये मिळाले आणि शेअरवर जवळजवळ 244 रुपये गेले. ज्याने ‘860 ला मिळाला तर घेऊच’ म्हणून रोख बाजूला ठेवून पुट विकला होता, त्याचीही गत तीच. कारण आर्थिकदृष्ट्या कव्हर्ड कॉल आणि पुट विकणे ही एकाच आकाराची पदे आहेत. दोन्हींत वरचा नफा बांधलेला आणि खालची संपूर्ण घसरण आपल्याकडे. गंमत अशी की पहिल्याला सगळे ‘पुराणमतवादी’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘धाडसी’. कव्हर्ड कॉलने शेअर बाळगण्याची जोखीम प्रीमियमपुरतीच कमी होते.

आपल्या बाबतीत तर कव्हर्ड कॉल प्रत्यक्षात बसतच नाही. शेअरच्या ऑप्शनचा एक लॉट सहसा पाच लाखांहून अधिक किमतीचा असतो. आपल्याकडे निरनिराळ्या कंपन्यांचे मिळून दोन लाखांचे शेअर आहेत. मग काही जण सुचवतात, ‘शेअर गहाण ठेवून निफ्टीचा कॉल विका, तेही कव्हर्डच.’ निफ्टीचा एक लॉट 25,000 गुणिले 65, म्हणजे सव्वासोळा लाखांचा होतो. दोन लाखांच्या शेअरनी त्याचा आठवा भागही झाकला जात नाही, आणि निफ्टी वाढताना आपले शेअर वाढतीलच याची हमी नाही. हा मार्जिनची सोय केलेला उघडा कॉल आहे.

शेअरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक जोखीम आहे, जी निफ्टीत नाही. ऑक्टोबर 2019 पासून सर्व शेअरच्या डेरिव्हेटिव्ह करारांची एक्स्पायरीला प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन पूर्तता होते. 1,500 रुपयांच्या शेअरचा 500 चा लॉट घ्या. 1,500 चा कॉल घेतला, 1,550 चा विकला, आणि एक्स्पायरीला भाव 1,530 राहिला. विकलेला कॉल शून्य झाला, घेतलेला मात्र नफ्यात असल्यामुळे साडेसात लाख रुपये भरून 500 शेअर घेणे भाग पडते. काही हजारांच्या स्प्रेडचे साडेसात लाखांचे बंधन होते. याच कारणासाठी शेवटच्या चार दिवसांत नफ्यातल्या खरेदी केलेल्या शेअर ऑप्शनवरही टप्प्याटप्प्याने मार्जिन लावतात आणि ते न भरल्यास ब्रोकर पद बंद करतो, अनेकदा ऑर्डर विरळ झालेल्या वेळी. उलट बाजूला, कॉल विकला असून शेअर गहाण ठेवलेले असतील, तर ते वेळेत सोडवून घ्यावे लागतात. शेअर देता आले नाहीत तर ते लिलावातून विकत आणले जातात आणि खर्च आपल्यावर पडतो. तरलता हाही प्रश्न आहेच: मोजक्या शेअरच्या जवळच्या स्ट्राइक सोडल्या तर खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर इतके असते की चार लेगच्या रचनेचा कागदावरचा नफा त्यातच संपतो.

कॅलेंडर स्प्रेड आणि रेशो स्प्रेड यांचा आपण उल्लेख केलेला नाही, म्हणून थोडक्यात. कॅलेंडरमध्ये दोन वेगळ्या मुदती असल्याने एक्स्पायरीनंतर उरलेल्या लेगची किंमत आयव्हीवर ठरते, आणि फेब्रुवारी 2025 पासून जवळच्या मुदतीच्या एक्स्पायरीच्या दिवशी त्या कराराला मार्जिनची सवलतही मिळत नाही. रेशो स्प्रेड, ज्यात घेतल्यापेक्षा जास्त ऑप्शन विकतात, ‘फुकट’ दिसतो, कारण जास्तीचा विकलेला लेग त्याचा खर्च भागवतो. तो जास्तीचा लेग उघडाच असतो.

आपल्या परिस्थितीत मी काय करेन, हे विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. नोकरी करताना सव्वानऊ ते साडेतीन पडद्यासमोर बसणे शक्य नाही, म्हणून ज्या पदांना दिवसा सांभाळावे लागते ती सर्व, म्हणजे स्ट्रँगल, स्ट्रॅडल आणि एक्स्पायरीच्या दिवसाचे कोणतेही पद, मी वगळेन. दोन लाखांचे शेअर गहाण न ठेवता तसेच राहू देईन. तीन लाखांपैकी एका पदात जास्तीत जास्त दोन टक्के, म्हणजे 6,000 रुपये, जाऊ शकतील असे धरून निफ्टीच्या मासिक मुदतीतला एका लॉटचा खरेदी स्प्रेड निवडेन; मासिक ऑप्शन महाग असले तरी स्ट्राइकमधले अंतर कमी ठेवून तो या मर्यादेत बसवता येतो. त्यात तोटा वारंवार होईल, पण तो किती होईल ते आधीच माहीत असेल, मार्जिन तुटणार नाही, आणि शेवटच्या आठवड्याआधी पद बंद केले तर एक्स्पायरीजवळची वेगवान हालचालही टळते. कॉन्डॉर शिकायचाच असेल, तर एकच लॉट, पट्टा अरुंद, आणि दूरचे लेग अखेरपर्यंत न विकता. शेअरचे ऑप्शन मी या भांडवलात घेणार नाही.

आणि कोणतेही पद घेण्याआधी आपल्या ब्रोकरकडून तीन गोष्टी लेखी स्वरूपात मिळवा: मार्जिन किती टक्के कमी पडल्यावर आणि किती वेळाने पद कापले जाते, एकापेक्षा जास्त लेग असतील तर कापताना त्यांचा आरएमएस कोणता लेग आधी बंद करतो, आणि एक्स्पायरीच्या दिवशी किती वाजता ते स्वतःहून पदे बंद करायला सुरुवात करतात. प्रत्येक ब्रोकरचे हे नियम वेगळे असतात आणि खाते उघडताना सही केलेल्या कागदपत्रांत ते कुठेतरी असतातच.